रक्ताला तिखट लागते का?

मिरच्या चिरलेल्या हाताने डोळा चोळला की काय होते, हे कोणाला सांगायला नको. डोळा तापलेला नसतो, तरी आग होते. मिरचीतले कॅप्सेसिन नावाचे द्रव्य डोळ्यातल्या आणि त्वचेतल्या संवेदी चेतातंतूंवर असलेल्या एका प्रथिनाला जाऊन चिकटते. हे प्रथिन म्हणजे पेशीच्या पटलात बसवलेले एक दार आहे. एरवी ते सुमारे ४३ अंश सेल्सियसच्या वर तापमान गेले की उघडते. दार उघडले की कॅल्शियम आणि सोडियमचे आयन आत शिरतात, चेतापेशी चेतवली जाते आणि मेंदूकडे 'भाजले' असा निरोप जातो. दार विस्तवाने उघडले की मिरचीने, हे मेंदूला समजण्याची काही सोय नाही. म्हणून तिखट खाल्ल्यावर आपण फुंकर घालतो आणि पाणी मागतो.

या दाराला टीआरपीव्ही-१ असे रुक्ष नाव आहे. त्याची भावंडेही आहेत. टीआरपीएम-८ गारव्याने आणि पुदिन्यातल्या मेंथॉलने उघडते. टीआरपीए-१ मोहरीच्या झणझणीत तेलाने उघडते. हा सगळा विषय शाळेत शिकवावा इतका सुरस आहे, आणि २०२१ चे वैद्यकाचे नोबेल पारितोषिक डेव्हिड ज्युलियस आणि आर्डेम पटापूटियन यांना तापमान व स्पर्श यांचे ग्राहक शोधल्याबद्दल मिळाल्यापासून तो अनेक शाळांत शिकवलाही जात असेल.

आमचा आजचा विषय मात्र थोडा बाजूचा आहे. हीच जनुके रक्तातल्या पांढऱ्या पेशींत 'व्यक्त' होतात असे सांगणारे निबंध गेल्या वीसएक वर्षांत बरेच प्रसिद्ध झाले आहेत. वेदना आणि तापमान जाणणारी दारे रक्तात! रक्तात तर चेतातंतू नसतात, मग ही दारे तिथे काय करतात? प्रश्न चांगला आहे. पण त्याला मिळणारी उत्तरे वाचताना एक गोष्ट सारखी खटकते. 'जनुकाचा संदेश सापडला' या वाक्यापासून 'पेशी वेदना जाणते' या वाक्यापर्यंतचा रस्ता फार लांबचा आहे, आणि बरेच जण तो एका उडीत पार करतात. काही निबंधही तसे करतात; निबंधांचे सार सांगणारी लोकप्रिय लिखाणे तर सर्रास करतात. ही उडी कुठे कुठे फसते ते पाहू.

आधी मूळ शोध कसा लागला ते आठवावे. १९९७ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात ज्युलियस यांच्या गटाने उंदराच्या मज्जारज्जूलगत असलेले संवेदी चेतापेशींचे गुच्छ घेतले. त्या पेशींत जेवढी म्हणून जनुके व्यक्त होत होती, त्या सर्वांच्या संदेशांच्या डीएनए-प्रती तयार केल्या. मग या प्रती गटागटाने अशा पेशींत घातल्या की ज्यांना मिरचीचे काहीच सोयरसुतक नव्हते. त्या होत्या प्रयोगशाळेत वाढवलेल्या मूत्रपिंडाच्या पेशी. प्रत्येक गटावर कॅप्सेसिन सोडायचे आणि पेशीत कॅल्शियम वाढते का ते पाहायचे. ज्या गटाने प्रतिसाद दिला तो आणखी लहान गटांत वाटायचा, पुन्हा पाहायचे. असे करत करत एकच जनुक उरले. ते घातले की मूत्रपिंडाची पेशी मिरचीला ओ देऊ लागे, आणि तापवली तरीही ओ देई.

या प्रयोगात काम आधी दिसले आणि जनुक मागून सापडले. रक्ताच्या बाबतीत गाडी उलट्या दिशेने धावली आहे. जनुकाचे नाव आधीच ठाऊक आहे, त्याचा संदेश पांढऱ्या पेशींत हुडकला आहे, आणि काम मात्र नावावरून तर्काने ठरवले आहे.

नावावरून काम ठरवण्याचा धोका किती, ते याच घराण्याच्या इतिहासात दिसते. टीआरपी ही अक्षरे आली ती फळमाशीच्या डोळ्यातून. १९६९ मध्ये अशी एक उत्परिवर्तित माशी आढळली की जिच्या डोळ्याचा प्रकाशाला मिळणारा विद्युत-प्रतिसाद टिकत नसे, क्षणात ओसरे. त्या क्षणभंगुर प्रतिसादाचे नाव जनुकाला मिळाले आणि पुढे सगळ्या कुळाला चिकटले. म्हणजे मिरचीच्या दाराचे आडनाव माशीच्या दृष्टिदोषावरून पडले आहे! टीआरपीएम-८ ची कथा याहून बोलकी आहे. २००१ मध्ये हे जनुक प्रथम नोंदवले गेले ते पुरुषांच्या प्रोस्टेट ग्रंथीत, आणि त्या ग्रंथीचेच खास जनुक म्हणून. पुढच्याच वर्षी दोन गटांनी दाखवले की चेतापेशींतला गारव्याचा ग्राहक तो हाच. आता 'थंडीचे दार प्रोस्टेटमध्ये कशाला' असे विचारायचे, की 'प्रोस्टेटचे दार बोटाच्या टोकाला कशाला' असे? कोणाला कुठे आधी सापडले एवढ्यावर प्रश्नाचे रूप ठरते. 'वेदनेचे जनुक' हा शब्दप्रयोगच आम्हाला म्हणून नकोसा वाटतो. जनुक एका प्रथिनाचे असते. ते प्रथिन चेतापेशीत बसले तर त्याच्या उघडण्याचा अर्थ वेदना होतो, कारण त्या पेशीची तार मज्जारज्जूतून पुढे मेंदूपर्यंत जोडलेली असते. पांढऱ्या पेशीची तार कुठेच जोडलेली नाही.

आता संदेशाकडे येऊ. २००७ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या टास्मानिया विद्यापीठाच्या संशोधकांनी माणसाच्या रक्तातील एककेंद्रकी पांढऱ्या पेशींत टीआरपीव्ही-१ आणि टीआरपीव्ही-२ यांचे संदेश आणि प्रथिने आढळल्याची नोंद केली. अशा कामात संदेश शोधायला पीसीआर हे तंत्र वापरतात. आधी संदेशवाहक आरएनएची डीएनए-प्रत करायची आणि मग ती प्रत दर फेरीला दुप्पट करत जायची. वर्गात हे गणित मुलांकडून करून घ्यावे. दहा फेऱ्यांत एकाचे १,०२४ होतात. तीस फेऱ्यांत सुमारे १०७ कोटी. पस्तीस फेऱ्यांत ३,४०० कोटींच्या वर. म्हणजे मूळ नमुन्यात एखादा रेणू जरी असला तरी यंत्र 'आहे' म्हणणार. तंत्राचे हे सामर्थ्य वादातीत आहे, पण नेमके इथेच वाचकाने थांबायला हवे. 'आहे' आणि 'पुरेसा आहे' यांत फरक असतो. निबंधात फेऱ्यांचा आकडा दिलेला असेल तर तो आधी पाहावा. बाविसाव्या फेरीला दिसणारा संदेश आणि सदतिसाव्या फेरीला दिसणारा संदेश यांत पंधरा फेऱ्यांचा, म्हणजे बत्तीस हजार पटींहून जास्त फरक आहे. निष्कर्षात दोन्ही 'व्यक्त होते' या एकाच क्रियापदाखाली येतात.

आपल्या पाठ्यपुस्तकी मांडणीचाही यात हात आहे. 'प्रत्येक पेशीत सर्व जनुके असतात, पण जरूर तेवढीच चालू असतात' असे आपण शिकवतो. वाक्य चूक नाही. पण त्यामुळे मुलांच्या डोळ्यांपुढे भिंतीवरचे विजेचे बटण उभे राहते, एक तर चालू नाही तर बंद. प्रत्यक्षात बंद जनुकेही थोडी गळतात. १९८९ मध्ये पॅरिसच्या एका गटाने हे ठळकपणे दाखवले. ज्या जनुकांचा एखाद्या पेशीशी काही संबंध नाही अशा जनुकांचे संदेशही पीसीआरने त्या पेशीत सापडतात, मात्र ते इतके विरळ असतात की शेकडो पेशींमागे एखादा रेणू भरावा. त्यांनी त्याला 'अवैध' प्रतिलेखन असे गमतीदार नाव दिले. या गळतीचा डॉक्टरांनी उपयोगही करून घेतला. ड्यूशेन स्नायुक्षय या आजारात डिस्ट्रॉफिन या स्नायूंमधल्या प्रथिनाचे जनुक बिघडलेले असते. स्नायूचा तुकडा काढण्याऐवजी रक्तातल्या लिम्फोसाइट पेशींत गळणारा डिस्ट्रॉफिनचा संदेश वाचून हा बिघाड ओळखता येतो, हे १९९० च्या सुमारास सिद्ध झाले. स्नायूच्या प्रथिनाचा संदेश पांढऱ्या पेशीत मिळाला म्हणून पांढरी पेशी दंड फुगवते असे तेव्हा कोणी म्हटले नाही. वेदनेच्या जनुकाला मात्र वेगळा न्याय लावला जातो, कारण 'वेदना' हा शब्दच असा आहे की तो ऐकला की माणसाचा विवेक जरा सैल होतो.

शिवाय संदेश म्हणजे प्रथिन नव्हे. किराणा मालाच्या यादीत रवा आणि साखर लिहिली म्हणजे घरात शिरा झाला असे होत नाही. यादी दुकानात पोचायला हवी, माल यायला हवा, कोणीतरी चुलीपुढे उभे राहायला हवे. दाराच्या बाबतीत तर प्रथिन तयार होऊनही भागत नाही. ते पटलात योग्य जागी बसले पाहिजे आणि उघडले पाहिजे.

यावर उत्तर येते की अनेक निबंधांत प्रथिनही दाखवले आहे. होय, दाखवले आहे, आणि ते बहुधा प्रतिपिंडांच्या साहाय्याने. विशिष्ट प्रथिनालाच चिकटेल असे प्रतिपिंड घ्यायचे, त्याला रंग जोडायचा आणि पेशी रंगते का ते पाहायचे. प्रतिपिंड खरोखरच त्याच प्रथिनाला चिकटते का, याची कसोटी सोपी आणि निर्दय आहे. ते जनुकच काढून टाकलेल्या उंदरात ते वापरून पाहायचे. दार नसलेल्या उंदरातही रंग उमटला, तर प्रतिपिंड खोटे बोलते आहे. २००९ मध्ये बेल्जियममधल्या ल्यूव्हेन येथील संशोधकांनी मूत्राशयावर नेमकी ही कसोटी लावली. टीआरपीव्ही-१ साठी विकल्या जाणाऱ्या प्रतिपिंडांनी साध्या उंदराचे मूत्राशय आणि दार नसलेल्या उंदराचे मूत्राशय सारखेच रंगवले. मेंदूच्या बाबतीतही असेच झाले. टीआरपीव्ही-१ मेंदूभर पसरलेले आहे अशा नोंदी बऱ्याच होत्या. २०११ मध्ये ज्युलियस यांच्याच सहकाऱ्यांनी या जनुकाला खुणेचे जनुक जोडलेले उंदीर तयार केले, तेव्हा मेंदूत ते मोजक्याच जागी आढळले. उलट, कोणी फारसे शोधत नव्हते अशा काही सूक्ष्म रोहिण्यांच्या भिंतीत मात्र ते काम करताना सापडले. रक्तपेशींवरील जुन्या नोंदी या दोन निबंधांच्या प्रकाशात पुन्हा वाचायला हव्यात. त्या सगळ्या चुकीच्या ठरतील असे आम्ही म्हणत नाही. पण '१९९७ नंतर अमुक पेशींत प्रथिन आढळले' अशी जी लांबलचक यादी प्रत्येक आढावा-लेखात मागील पानावरून पुढे येते, तिच्यातली प्रत्येक ओळ सारख्या वजनाची नाही.

तिसरा पुरावा दिला जातो तो मिरचीचाच. पांढऱ्या पेशींवर कॅप्सेसिन टाकले, पेशी मेल्या किंवा त्यांचे वागणे बदलले, म्हणून दार तिथे आहे. इथे मात्रा बघावी. मूळ प्रयोगात अर्धा प्रतिसाद मिळायला सुमारे ०.७ मायक्रोमोलर इतके कॅप्सेसिन पुरत होते. रक्तपेशींवरील काही प्रयोगांत याच्या शंभरपट आणि त्याहून जास्त मात्रा वापरलेली दिसते. एवढ्या मात्रेत कॅप्सेसिन दाराशी न थांबता सरळ आत घुसते. तंतुकणिकांमधल्या श्वसनसाखळीच्या पहिल्या दुव्याला ते अडथळा करते, हे १९८९ पासून माहीत आहे. दार वाजवून कोणी आत आले, की भिंत फोडून, हे निकालावरून कळत नाही. ज्या प्रयोगात दार बंद ठेवणारे द्रव्य आधी घालून परिणाम थांबतो का ते पाहिले आहे, तोच प्रयोग विचारात घ्यावा.

राहता राहिले तापमान. निरोगी रक्त ३७ अंशांच्या आसपास असते, कडक तापात ४० अंश. ४३ अंशांना उघडणारे दार केवळ उष्णतेने रक्तात कधी उघडणार? आणि २५ ते २८ अंशांखाली उघडणारे गारव्याचे दार? थंडीत हाताची बोटे तेवढी गार होतात खरी, पण पांढरी पेशी तिथून काही सेकंदांत पुढे जाते. अर्थात या आकड्यांना दगडावरची रेघ समजू नये. परिसर आम्लधर्मी झाला तर टीआरपीव्ही-१ शरीराच्या तापमानालाही उघडू शकते. सुजलेल्या जागी तसे होते. म्हणून 'अशक्य' हा शब्द आम्ही वापरत नाही. पण तापमान-संवेदन हा शब्द रक्तपेशीला लावणाऱ्याने कोणत्या अंशाला, कोणत्या परिस्थितीत, हे सांगायला हवे.

हे सगळे वाचून कोणी म्हणेल, एवढा कीस कशाला? संशोधक चुकतील, सुधारतील. पण या प्रश्नाशी माणसे बांधलेली आहेत.

दीर्घ थकव्याचा एक आजार आहे. इंग्रजी आद्याक्षरांवरून त्याला एमई किंवा सीएफएस म्हणतात. थोड्याशा श्रमानेही दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी रुग्ण कोलमडतो. अंग दुखते, डोके चालत नाही, झोपेने ताजेतवाने वाटत नाही. आजही या आजाराचे निदान लक्षणांवरून करावे लागते. खात्रीची म्हणून मान्य झालेली रक्तचाचणी नाही. त्यामुळे अनेक रुग्णांना 'तुला काही झालेले नाही', 'कामचुकारपणा आहे' हे ऐकावे लागते. विद्यार्थ्याला तर फारच. अशा वेळी रक्तात वेदना-जनुकांची पातळी वाढलेली दिसली, ही बातमी रुग्णाला औषधाइतकीच मोलाची वाटते. म्हणूनच ती पारखून घ्यायला हवी.

२००९ मध्ये अमेरिकेतल्या युटा विद्यापीठाचे अॅलन लाइट आणि सहकारी यांनी 'जर्नल ऑफ पेन'मध्ये एक निबंध प्रसिद्ध केला. १९ रुग्ण आणि १६ निरोगी माणसे यांना २५ मिनिटे मध्यम व्यायाम करायला लावला. व्यायामाआधी, अर्ध्या तासाने, ८, २४ आणि ४८ तासांनी रक्त घेतले आणि पांढऱ्या पेशींतल्या ठरावीक जनुकांचे संदेश मोजले. आम्ल जाणणारे एएसआयसी-३, एटीपी जाणणारी पी-२-एक्स-४ व पी-२-एक्स-५ ही दारे, अॅड्रेनॅलिनचे ग्राहक आणि प्रतिकारशक्तीची काही जनुके त्यांत होती. रुग्णांत यांतल्या कित्येक जनुकांचे संदेश निरोगी माणसांपेक्षा जास्त वाढले, आणि वाढीचा थकव्याशी व वेदनेशी चांगला मेळ बसला. यामागची कल्पना विचारपूर्वक केलेली होती. श्रम करणाऱ्या स्नायूत आम्ल, लॅक्टेट आणि एटीपी साचतात, आणि तिथल्या चेतातंतूंवरची हीच दारे 'दमलो' असा निरोप देतात, हे याच गटाने आधी उंदरांच्या चेतापेशींवर दाखवले होते. स्नायूतले चेतातंतू माणसातून काढता येत नाहीत. रक्त काढता येते. मग रक्ताच्या खिडकीतून डोकावावे, हा विचार समजण्यासारखा आहे.

प्रश्न असा की ही खिडकी त्या खोलीची आहे का? पांढऱ्या पेशीत एएसआयसी-३ चा संदेश वाढला म्हणजे मांडीच्या स्नायूतल्या चेतातंतूवरही तो वाढला असेल, याला वेगळा पुरावा हवा. आणि त्याआधी आणखी एक साधी शंका आहे. संदेश वाढला, की पेशींचे मिश्रण बदलले?

'पांढऱ्या पेशी' ही एक जात नसून बारदान आहे. न्यूट्रोफिल साधारण ५० ते ७० टक्के, लिम्फोसाइट २० ते ४० टक्के, आणि उरलेल्या बाकीच्या. व्यायाम केला की अॅड्रेनॅलिनमुळे रक्तवाहिन्यांच्या भिंतींना टेकून बसलेल्या पेशी प्रवाहात उतरतात. लिम्फोसाइट चटकन वाढतात, व्यायाम संपल्यावर तासाभरात मूळ पातळीच्याही खाली जातात, आणि न्यूट्रोफिल पुढचे काही तास चढते राहतात. आता कल्पनेतले एक उदाहरण घ्या. एका लिम्फोसाइटमध्ये एखाद्या संदेशाचे १० रेणू आहेत आणि न्यूट्रोफिलमध्ये शून्य. १०० पेशींत ४० लिम्फोसाइट असतील तर सरासरी ४ येते. व्यायामाने त्या ५५ झाल्या की सरासरी ५.५. वाढ साडेसदतीस टक्के! पुढे न्यूट्रोफिल वाढून लिम्फोसाइट २५ वर आल्या की सरासरी २.५. एकाही पेशीने एकही जनुक वर-खाली केलेले नाही, तरी आलेख मात्र झोकात चढला आणि उतरला. मधल्या सुट्टीत पाचवीची मुले घरी डबा खायला गेली तर मैदानातल्या मुलांची सरासरी उंची वाढते. म्हणून पंधरा मिनिटांत कोणी उंच झाले असे आपण म्हणत नाही. रुग्ण आणि निरोगी यांच्या पेशींचे मिश्रण व्यायामाने वेगवेगळ्या प्रकारे बदलत असेल, तर तोही एक शोधच आहे. पण तो वेदनेच्या दारांचा शोध नव्हे.

आणखी एक गणित. वीस जनुके आणि चार वेळा मोजणी म्हणजे ऐंशी तुलना. 'शंभरात पाच' या नेहमीच्या कसोटीने निव्वळ योगायोगाने चार तुलना 'लक्षणीय' निघतील. अशा प्रकारचा कोणताही निबंध वाचताना हा हिशेब कडेला मांडून ठेवावा.

शेवटी फेरतपासणी महत्त्वाची. सिडनीतल्या एका गटाने २०१६ मध्ये ती केली. १० रुग्ण, १२ निरोगी माणसे, पुन्हा २५ मिनिटे मध्यम व्यायाम, या वेळी सायकलवर, आणि ७२ तासांपर्यंत रक्ताचे नमुने. १९ जनुके तपासली. व्यायामानंतर रुग्णांचा थकवा स्पष्टपणे वाढला, पण जनुकांच्या संदेशांत ना रुग्णांमध्ये बदल दिसला, ना निरोगी माणसांमध्ये, ना दोघांत फरक. या निकालाने पहिला निबंध खोटा ठरला असे आम्ही म्हणणार नाही. नमुना आणखीच लहान होता, आणि लहान जाळ्यात मासा सापडला नाही म्हणून तळे रिकामे ठरत नाही. पण या निबंधातली एक गोष्ट नजरेआड होता कामा नये. संदेश हलले नाहीत, आणि रुग्ण तरीही दमले. थकवा खरा ठरायला जनुकाच्या आलेखाची साक्ष लागत नाही. रुग्णाचे दुखणे रक्तचाचणीवर टांगून ठेवले तर चाचणी पडली की दुखणेही खोटे ठरवले जाईल, ही आमची खरी भीती आहे.

मग रक्तात अशी दारे नसतातच का? असतात, आणि काही तर अत्यंत महत्त्वाचे काम करतात. टीआरपीएम-२ हे पांढऱ्या पेशींतले दार घ्या. जपानी संशोधकांनी २००८ मध्ये दाखवले की हायड्रोजन पेरॉक्साइडने हे दार उघडते, मोनोसाइट पेशीत कॅल्शियम शिरते आणि ती न्यूट्रोफिलना बोलावणारे रासायनिक निरोप सोडते. हे जनुक काढून टाकलेल्या उंदरांत आतड्याची सूज कमी राहिली. २०१२ मध्ये असेही दिसले की पेरॉक्साइडच्या सान्निध्यात हे दार शरीराच्या नेहमीच्या तापमानाला उघडू लागते. तापात पांढऱ्या पेशी जास्त चपळ का होतात, याचा एक धागा इथे हाती लागतो. इथे संदेश, प्रवाह, जनुक काढल्यावरचा परिणाम, आणि तापमान, सगळे पुरावे एकमेकांना जोडून आहेत. टीआरपीव्ही-१ बद्दलही २०१४ मध्ये एक भक्कम निबंध आला. मदतनीस टी-पेशींत हे दार असते आणि त्या पेशी चेतवल्या जाताना कॅल्शियम आत घेण्यात ते हातभार लावते, असे त्यात उंदीर व माणूस दोघांच्या पेशींवर दाखवले आहे. म्हणजे तेच दार इथे मिरचीसाठी नाही, विस्तवासाठी नाही. टी-पेशीच्या स्वतःच्या ग्राहकाचा इशारा मिळाला की ते उघडते. रक्ताला तिखट लागत नाही!

पण सगळ्यांत सुंदर उदाहरण तांबड्या पेशीचे आहे. पटापूटियन यांच्या गटाने २०१० मध्ये दाबाने उघडणारे पिएझो-१ हे दार शोधले. ७२ संशयित जनुकांची यादी करून त्यांनी ती एकेक गप्प केली होती. दोनच वर्षांनी एका आनुवंशिक रक्तदोषाचे मूळ याच जनुकात सापडले. या दोषात तांबड्या पेशीतले पाणी कमी होते आणि ती अकाली फुटते. दोष असलेले पिएझो-१ दार उघडल्यावर लवकर मिटत नाही. निरोगी पेशीत याच दाराचे काम असे दिसते: पेशी अरुंद केशवाहिनीतून अंग चोरून जाऊ लागली की दाबाने दार उघडते, थोडे कॅल्शियम आत येते, त्याने दुसरे एक दार उघडून पोटॅशियम व पाणी बाहेर जाते, आणि पेशी किंचित आक्रसते. आता गंमत पाहा. माणसाच्या प्रौढ तांबड्या पेशीला केंद्रक नसते. पेशी अस्थिमज्जेत घडत असताना दारे बसवली गेली, आणि मग केंद्रक व संदेश दोन्ही टाकून दिले गेले. संदेश मोजणाऱ्याने या पेशीत पिएझो-१ शोधले असते तर हाती जवळपास काहीच लागले नसते. दार मात्र तिथे आहे, आणि त्याचे मिटणे बिघडले तर माणूस आजारी पडतो.

उच्च माध्यमिक वर्गात 'जनुक अभिव्यक्ती' शिकवताना तांबडी पेशी आणि डिस्ट्रॉफिन गळणारी लिम्फोसाइट ही दोन उदाहरणे शेजारी-शेजारी ठेवून पाहावीत. एकीत संदेश नाही आणि काम आहे. दुसरीत संदेश आहे आणि काम नाही. मुलांना प्रश्न विचारायला भाग पाडणारी अशी जोडी आम्हाला तरी दुसरी माहीत नाही. बटणाचे चित्र खोडायला तिचा चांगला उपयोग होईल.

दीर्घ थकव्याच्या संशोधनात मधल्या काळात एक पाऊल योग्य दिशेने पडले आहे, तेही नोंदवायला हवे. ऑस्ट्रेलियातल्या ग्रिफिथ विद्यापीठाचा गट टीआरपीएम-३ या दाराच्या मागे आहे. चेतापेशींत हे दार चटका बसेल अशी उष्णता जाणते. या गटाने केवळ संदेशावर भागवले नाही. आधी २०१६ मध्ये नैसर्गिक मारक पेशींवर हे दार रुग्णांत कमी आढळल्याची नोंद केली, आणि २०१८ पासून एकेका पेशीला काचेची सूक्ष्म नळी लावून दारातून वाहणारा विद्युतप्रवाह मोजायला सुरुवात केली. रुग्णांच्या पेशींत तो क्षीण आढळला. इथे मिश्रणाचा प्रश्न येत नाही, कारण पेशी एकाच जातीची आहे. प्रतिपिंडाचा येत नाही, कारण रंग नव्हे तर प्रवाह मोजला आहे. आक्षेप उरतात ते वेगळे. या पहिल्या निबंधांत रुग्णसंख्या लहान आहे. एकेका पेशीवर नळी बसवण्यात हाताच्या कौशल्याचा वाटा मोठा असतो. म्हणून मोजणाऱ्याला कोणती नळी रुग्णाची आणि कोणती निरोगी माणसाची हे ठाऊक होते का, आणि ज्यांचा या कल्पनेशी संबंध नाही अशा प्रयोगशाळांनी मोजले तर आकडे तेच येतात का, हे या मालिकेतला प्रत्येक पुढचा निबंध हाती आला की त्याच्या पद्धतीच्या परिच्छेदात आधी शोधावे.